चित्रांच्या घरांतील नामवंत पाहुणे

ज्यांचीं नातवंडें परदेशीं आहेत, किंवा घरींच टीव्हीसमोर बसलेलीं असतात, अशा बहुतेक कुटुंबांत अमेरिकन कार्टूनमालिकांचा आतां प्रवेश झालेला आहे. घरांतील वडील मंडळींस त्यांतली एक गोष्ट मात्र नेहमीं कोड्यांत टाकते. चित्रांतल्या पिवळ्या माणसांचा संसार सुरळीत चाललेला असतां मध्येंच कोणी खराखुरा नट, गवई, खेळाडू किंवा एखाद्या राष्ट्राचा पंतप्रधान चित्ररूपानें दारांत उभा राहतो, चार वाक्यें बोलतो आणि नाहींसा होतो. मुलें खदखदां हंसतात. आजोबांस हंसावें कशास हेंच कळत नाहीं. ह्या महिन्यांत आम्ही ह्याच पाहुण्यांविषयीं चार शब्द लिहिणार आहों.

पहिली गोष्ट अशी कीं, येथें पाहुणा येतो तो देहानें येत नाहीं, केवळ आवाजानें येतो. पडद्याआडून आवाजानें वस्तु सूचित करण्याच्या प्रकारास आमच्या नाट्यशास्त्रकारांनीं ‘चूलिका’ असें नांव दिलें आहे. कार्टूनचें सारें नाटकच ह्या चूलिकेवर उभें आहे. आधीं संहिता लिहितात, मग नटांचे आवाज मुद्रित करतात, आणि त्या आवाजांच्या चढउतारांवर चित्रें काढतात. ‘सिम्प्सन्स’ ह्या मालिकेचीं पुष्कळशीं चित्रें दक्षिण कोरियांतील चित्रशाळांतून तयार होऊन आलेलीं आहेत. एक भाग पुरा होण्यास कित्येक महिने लागतात. पाहुण्यास मात्र रंग नको, वेष नको, पाठांतरहि नको; कागद हातीं धरून थोडा वेळ वाचलें कीं त्याचें काम आटोपलें. मोठमोठे लोक इतक्या सहज कां येतात ह्याचें अर्धें उत्तर येथेंच आहे. उरलेलें अर्धें त्यांच्या घरच्या मुलांपाशीं असावें असा आम्हांस संशय आहे.

ही चाल आजची नव्हे. १९६० च्या सप्टेंबरांत अश्मयुगांतल्या कुटुंबाची ‘फ्लिंटस्टोन्स’ ही मालिका अमेरिकेंत रात्रीच्या मुख्य वेळीं दाखविली जाऊं लागली. तेथें पाहुणा आला कीं त्याचें नांवच दगडाचें होई. १९६३ सालीं अ‍ॅन-मार्ग्रेट ही नटी आली ती ‘अ‍ॅन-मार्गरॉक’ झाली. १९६५ सालीं टोनी कर्टिस आला तो ‘स्टोनी कर्टिस’ झाला. रॉक म्हणजे खडक आणि स्टोन म्हणजे दगड, हें वाचकांस सांगावयास नकोच. श्लेष कांहीं फार उंची नव्हे. पण पाहुण्यानें घरांत पाऊल टाकण्यापूर्वीं घरचा वेष अंगावर घ्यावा, एवढा शिष्टाचार त्यांत होता.

‘सिम्प्सन्स’ ही मालिका १९८९ च्या डिसेंबरांत सुरू झाली आणि पस्तीस वर्षांहून अधिक काळ चालली आहे. तींत शेंकडों पाहुणे येऊन गेले. त्या सर्वांत आम्हांस अत्यंत प्रिय असलेला पाहुणा म्हणजे १९९१ च्या एप्रिलांतला बदली शिक्षक. आमचें आयुष्य फळ्यासमोर गेलें. तेव्हां ह्या निवडींत थोडा पक्षपात असल्यास वाचकांनीं तो चालवून घ्यावा. कथा साधीच आहे. आठ वर्षांची लिसा ही घरांतली बुद्धिमान मुलगी. बाप होमर प्रेमळ खरा, पण तिच्या बुद्धीपर्यंत त्याचा हात पोंचत नाहीं. वर्गाच्या बाई आजारी पडतात आणि थोड्या दिवसांकरितां बर्गस्ट्रॉम नांवाचे मास्तर येतात. आपण हुशार आहों ह्याचा एखाद्या मोठ्या माणसास आनंद होऊं शकतो, हें त्या पोरीस प्रथमच कळतें. आणि लगेच मास्तरांची बदली होते. ती धांवत स्टेशनावर जाते. गाडी सुटतांना मास्तर तिला एक चिठ्ठी देतात आणि एकटें वाटलें म्हणजे ही वाच, असें सांगतात. त्या चिठ्ठींत उपदेश नाहीं, सुभाषित नाहीं. तूं कोण आहेस हें सांगणारें तिचेंच नांव तेवढें आहे. आम्ही जन्मभर निकालपत्रकांवर शेरे लिहिले, पण इतका नेमका शेरा आमच्या लेखणींतून उतरल्याचें स्मरत नाहीं.

ह्या मास्तरांचा आवाज डस्टिन हॉफमन ह्या विख्यात नटाचा. श्रेयनामावलींत मात्र त्याचें नांव नाहीं. तेथें ‘सॅम एटिक’ असें बनावट नांव आहे, व त्यांत यहुदी लोकांस लावल्या जाणाऱ्या ‘सेमेटिक’ ह्या शब्दावर कोटी आहे. ज्यानें नांव लपविलें त्याचेंच काम लोकांनीं मनांत ठेवलें. हॉफमन जर हॉफमन म्हणूनच त्या वर्गांत शिरला असता, तर त्या मुलीच्या हातीं चिठ्ठीऐवजीं स्वाक्षरी पडली असती.

त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत आलेला दुसरा पाहुणा ह्याहून मोठा, मायकेल जॅक्सन. त्यानेंहि नांव लपविलें आणि ‘जॉन जे स्मिथ’ ह्या नांवाआड उभा राहिला. वेड्यांच्या इस्पितळांत होमरला एक धिप्पाड, गोरा वीटकाम करणारा भेटतो. तो स्वतःस मायकेल जॅक्सन समजतो आणि तसाच बोलतो. बोलणें खुद्द जॅक्सनचें. गाणीं मात्र किप लेनन नांवाच्या दुसऱ्या गायकानें हुबेहूब त्याच्या ढंगांत गायिलीं. म्हणजे खरा मनुष्य आपलीच नक्कल करणाऱ्याचें सोंग घेतो आणि गातांना त्याची नक्कल दुसराच करतो! हा मनुष्य लिसाच्या भावास तिच्या वाढदिवसाचें गाणें रचण्यास मदत करतो. तो भाग त्या काळीं लोकांस फार आवडला.

पुढें २००९ सालीं जॅक्सन वारला. २०१९ सालीं एका माहितीपटांत, लहानपणीं जॅक्सननें आपला लैंगिक छळ केला असें दोन पुरुषांनीं सांगितलें. त्याच्या वारसांनीं तें नाकारलें. त्यानंतर थोड्याच दिवसांत मालिकेच्या चालकांनीं हा भाग प्रसारणांतून काढून घेतला. येथें आमचें मत थोडें अडखळतें. मोठा मनुष्य लहान मुलाशीं मैत्री जोडतो हाच त्या कथेचा गाभा. तेव्हां तो भाग मुलांसमोर आपोआप येऊं नये हें आम्हांस पूर्ण पटतें. परंतु तो लिहिणारे, रंगविणारे, घरचीं पात्रें बोलणारे अनेक लोक होते, आणि पाहुण्याबरोबर त्यांचेंहि काम कुलुपांत गेलें. ज्या प्रौढास तें समजून पाहावयाचें असेल, त्यास तें मागून पाहतां यावें, इतपत वाट चालकांनीं उघडी ठेवावयास हवी होती असें आम्हांस वाटतें. आमच्या घरीं ह्यावर मतभेद आहे. सूनबाईंचें म्हणणें असें कीं, ज्यांचें बालपण गेलें त्यांच्यापुढें चित्रकारांचे श्रम कसले मोजतां? त्यांच्या म्हणण्यांत वजन आहे हें आम्ही नाकारीत नाहीं.

असो. कालांतरानें नांव लपविण्याची रीत मागें पडली आणि पाहुणे स्वतःच्याच नांवानें येऊं लागले. ह्यांतहि चांगलें काम होतें. १९९२ च्या फेब्रुवारींतल्या एका भागांत बेसबॉलचे नऊ नामांकित खेळाडू आले. कारखान्याच्या धन्यानें पैज जिंकण्यासाठीं त्यांस भाड्यानें आणलें, आणि सामन्यापूर्वीं एक सोडून बाकी सर्वांवर चमत्कारिक संकटें कोसळलीं. तेथें त्यांची कीर्ति हेंच विनोदाचें कारण आहे. ते नसते तर कथाच नसती. मुख्य कथेस साहाय्य करणाऱ्या लांब उपकथेस शास्त्रांत ‘पताका’ म्हणतात व थोडक्यांत आटोपणाऱ्या प्रसंगास ‘प्रकरी’ म्हणतात. सुग्रीवाचा वृत्तांत ही रामकथेंतली पताका. मुख्य फळास उपयोग व्हावा, ही अट दोहोंसहि आहे. आतां २००३ च्या नोव्हेंबरांतला भाग पाहा. सिम्प्सन कुटुंब लंडनला उतरतें. विमानतळावर इंग्लंडचे तत्कालीन पंतप्रधान टोनी ब्लेअर स्वागतास हजर. दोन शब्द बोलून ते पाठीवरच्या यंत्रानें आकाशांत उडून जातात. त्याच वर्षींच्या मार्चांत इराकचें युद्ध सुरू झालें होतें, आणि त्याविषयीं तेथें अवाक्षर नाहीं. इतरांची रेवडी उडविणारी ही मालिका स्वागतसमितीच्या चिटणिसासारखी हात जोडून उभी राहिली. ही ना पताका, ना प्रकरी.

त्या मानानें थॉमस पिंचन हा कादंबरीकार पुष्कळ चतुर. हा गृहस्थ छायाचित्रकारांस सहसा सांपडत नाहीं. २००४ सालीं तो ‘सिम्प्सन्स’मध्यें आला तो डोक्यावर कागदी पिशवी घालून, आणि पिशवीवर प्रश्नचिन्ह! चेहरा तर चित्रकारच काढणार होता, तरीहि झांकला.

‘साउथ पार्क’ ही १९९७ ची मालिका घरांत मुलांसमवेत लावण्याजोगी मुळींच नाहीं, हें आधींच सांगून ठेवतों. पाहुण्यांच्या बाबतींत मात्र तिचा बाणा मजेदार आहे. जॉर्ज क्लूनीसारखा देखणा, गाजलेला नट आला तेव्हां त्यास कुत्र्याचें काम दिलें; म्हणजे केवळ भुंकावयाचें. जे लेनो ह्या प्रसिद्ध सूत्रसंचालकास मांजराचें म्यांव दिलें. बाकी थोरामोठ्यांचे आवाज घरचेच लोक काढतात, आणि ते वाईट काढतात अशी सूचनाहि आरंभींच देतात.

एका पाहुण्याची गोष्ट आमच्या वाचकांस विशेष गोड वाटेल. १९९५ च्या ऑक्टोबरांत लिसा मांसाहार सोडते. घरांत थट्टा, शाळेंत थट्टा; शेवटीं दुकानदार अपू तिला दुकानाच्या छपरावरील बागेंत नेतो, आणि तेथें बीटल्सपैकीं पॉल मॅकार्टनी व त्यांची पत्नी लिंडा भेटतात. येण्यापूर्वीं मॅकार्टनी ह्यांनीं अट घातली कीं, ही मुलगी पुढें कायमची शाकाहारीच राहिली पाहिजे. पुढच्या भागांत सारें पूर्वपदावर येणें हा अशा मालिकांचा नियम. तो ह्या एका पाहुण्यासाठीं मोडला गेला. लिसा त्यानंतर शाकाहारीच राहिली आहे.

त्या छपरापर्यंत जिना दाखविणारा अपू मात्र घरचा असून परका राहिला. मालिकेंतला तो भारतीय. जगांतले नामवंत स्वतःच्या आवाजांत बोलून गेले, पण अपूचें बोलणें हँक अझारिया ह्या अमेरिकन नटानें वर्षानुवर्षें हेल काढून केलें, आणि तेथें वाढलेल्या आपल्या लोकांच्या मुलांस शाळासोबती त्याच हेलांत चिडवीत राहिले. हरी कोंडाबोलू ह्या भारतीय वंशाच्या विनोदकारानें २०१७ सालीं त्यावर माहितीपट काढला, तेव्हां पुष्कळांनीं एवढें काय मनास लावून घ्यावें, असें म्हटलें. अझारियानें २०२० सालीं तें काम सोडलें व पुढच्या वर्षीं उघडपणें क्षमा मागितली. नवा आवाज शोधण्याचें मात्र राहून गेलें. त्यानंतर अपू कधीं गर्दींत, कधीं दुकानांत उभा दिसला, बोलला नाहीं.