मुलींची शाळा हे बक्षीस नव्हे

कॅरिबियन समुद्रातील त्रिनिदाद बेटावर मुलींच्या माध्यमिक शाळांचा मोठा दबदबा आहे. सरकारी शिष्यवृत्त्यांच्या याद्यांत सान फर्नांडोचे नॅपरिमा गर्ल्स हायस्कूल आणि सेंट ऑगस्टीनचे लक्ष्मी गर्ल्स हिंदू कॉलेज ही नावे वारंवार अग्रभागी दिसत आली आहेत. या यशावरून तेथे दोन पक्ष पडतात. मुलगे नाहीत म्हणूनच मुली चमकतात, असे एकाचे म्हणणे. ही वसाहतकाळाची अडगळ मोडीत काढा, असे दुसऱ्याचे. आमच्या मते दोन्ही पक्ष मूळ प्रश्नाला बगल देतात.

या शाळांचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. १८४५ ते १९१७ या काळात करारबद्ध मजूर म्हणून ऊसमळ्यांवर गेलेल्या हिंदुस्थानी कुटुंबांत मुलीच्या शिक्षणाला थारा कोठून असणार? कॅनेडियन मिशनने आरंभी मुलींना शिकविले, तेही बरेचसे धर्मोपदेशकांना सुशिक्षित गृहिणी मिळाव्यात म्हणून. त्याच मिशनने १९१२ साली नॅपरिमा काढले. पुढे १९६३ साली सनातन धर्म महासभेने लक्ष्मी कॉलेज उभारले आणि हिंदू पालकांना मुलींसाठी आपल्या समाजाची माध्यमिक शाळा लाभली. परमुलखात पिढ्यानपिढ्या संस्था चालविणाऱ्या आपल्या वाचकांना याचे मोल सांगावयास नको.

परंतु ऋण वेगळे आणि आजची मिरास वेगळी. अकरा-बारा वर्षांच्या मुलांची परीक्षा घेऊन कोणी कोणत्या शाळेत जावे हे तेथे ठरते. शिवाय १९६०च्या करारान्वये धर्मसंस्थांच्या शाळांना २० टक्के जागा मुख्याध्यापकांच्या मर्जीने भरता येतात. वेचलेले दाणे पेरावयाचे आणि पीक आले की मातीची थोरवी गावयाची, असा हा प्रकार आहे. अर्थशास्त्रज्ञ किराबो जॅक्सन यांनी या प्रवेशपद्धतीचाच अभ्यास करून २०१२ साली दाखवून दिले की, बहुसंख्य विद्यार्थ्यांना केवळ मुलींच्या किंवा मुलग्यांच्या शाळेत गेल्याने गुणांत लाभ होत नाही. अशी शाळा मनापासून हवी असलेल्या मुलींना मात्र होतो.

मग या शाळा मोडाव्यात काय? मुळीच नाही. २०१० साली तेथील शिक्षणखात्याने निकालांत मागे पडलेल्या २० सहशिक्षण शाळा मुलींच्या किंवा मुलग्यांच्या केल्या. जॅक्सन यांना तेथे निराळे चित्र दिसले. राष्ट्रीय परीक्षांतील गुण वाढले, माध्यमिक शिक्षण पुरे करण्याचे प्रमाण चार टक्क्यांनी वर गेले, मुलींमध्ये अल्पवयातील गर्भधारणा घटली, मुलग्यांच्या अटका कमी झाल्या. आणि यासाठी जादा पैसाही लागला नाही.

यातून निघणारा निष्कर्ष नामांकित शाळांच्या अभिमान्यांना रुचणार नाही, पण तो टाळता येत नाही. मुलींच्या शाळेची खरी गरज परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीपेक्षा मागे राहिलेल्या मुलीला अधिक आहे. आणि तिथे मात्र ती हुशारीचे बक्षीस म्हणून वाटली जाते. नॅपरिमा आणि लक्ष्मी खुशाल नांदोत. मात्र ज्या शाळेचे नाव कोणत्याही यादीत येत नाही, तिच्यात जाणाऱ्या मुलीच्या पालकांनाही हा पर्याय मागण्याचा हक्क असला पाहिजे. मजुरांच्या लेकींसाठी उघडलेले दार निवडक लेकींपुरते राहिले, तर ते उघडणाऱ्यांच्या श्रमांचे सार्थक झाले असे आम्ही म्हणणार नाही.