तुळींजचा अर्ज कुणी वाचला?

23 नोव्हेंबर 2020 रोजी वसईच्या श्रद्धा वालकर हिने नालासोपाऱ्यातील तुळींज पोलीस ठाण्यात अर्ज दिला. सोबत राहणारा आफताब पूनावाला मारहाण करतो, त्याने गळा दाबण्याचा प्रयत्न केला, ठार करून तुकडे करीन अशी धमकी देतो, असे तिने लिहिले होते. पुढच्याच महिन्यात तिने तक्रार मागे घेतल्याचा जबाब दिला आणि प्रकरण मिटले. 18 मे 2022 रोजी दिल्लीत तिचा खून झाला. आफताबला अटक झाली ती नोव्हेंबरात.

त्या नोव्हेंबरात आम्ही वसई-विरारचे मुसलमानही टीव्हीसमोर बसत होतो. आमच्या गावची मुलगी गेली होती. आम्हालाही हळहळ होती, संताप होता. पण पडद्यावर आमच्या दुःखाला जागा नव्हती. तिथे आम्ही सगळे आरोपी होतो. आठ चौकटी, आठ तोंडे आणि एकच शब्द : लव्ह जिहाद. सूत्रसंचालक प्रश्न विचारत नव्हता, निकाल सांगत होता.

तुळींजचा अर्ज उघड झाल्यावर तरी चर्चेची दिशा बदलायला हवी होती. जिवाची धमकी असलेली तक्रार बाई मागे घेते, तेव्हा ती कुणाच्या भीतीने घेते? ते कुणी तपासायचे? 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या स्त्रीलाही संरक्षण देतो; संरक्षण अधिकारी नेमण्याची तरतूद त्यात आहे. हे तिला कुणी सांगितले होते का? वसई-तुळींजच्या पोलिसांनी वेळेवर दखल घेतली असती तर मुलगी वाचली असती, असे खुद्द तिचे वडील जाहीरपणे म्हणाले. बातमी दिली गेली, पण रात्रीच्या कज्ज्यात हा प्रश्न बुडाला. ठाण्याला जाब विचारण्यापेक्षा जमातीला विचारणे सोपे. त्यात शोध घ्यावा लागत नाही, फक्त आवाज चढवावा लागतो.

फेब्रुवारी 2024 मध्ये वृत्तवाहिन्यांच्या स्वनियमन प्राधिकरणाने, एनबीडीएसएने, अशा कार्यक्रमांबद्दल एका वाहिनीला 1 लाख आणि दुसरीला 50 हजार रुपये दंड केला. दुसरीच्या कार्यक्रमांत श्रद्धा प्रकरणावरच्या चर्चाही होत्या. सव्वा वर्षाने आलेला हा दंड जाहिरातींवर चालणाऱ्या वाहिनीला किती जड गेला असेल? दरम्यान ते विष घरोघर पोहोचून मुरले होते.

आता थोडे आपल्याविषयी. त्या आठ चौकटींत एक टोपी-दाढीची चौकट ठरलेली असते. हे गृहस्थ कुणाचे प्रतिनिधी, कुणी निवडले, हे आपल्याला ठाऊक नसते. ते चिडतात, कारण त्यांना चिडण्यासाठीच बोलावलेले असते. जुलै 2018 मध्ये तिहेरी तलाकच्या चर्चेत तर एक मौलाना आणि एक महिला वकील थेट प्रक्षेपणात हातघाईवर आले. त्याच तलाकविरुद्ध हमीद दलवाईंनी 18 एप्रिल 1966 रोजी सात स्त्रियांचा मोर्चा मुंबईत नेला होता. दलवाईंशी आपल्यातल्या अनेकांचे मतभेद असतील. पण आपल्या घरातला वाद आपल्याच भाषेत, तोंडावर मांडण्याची रीत त्यांच्याकडे होती. 1990 मध्ये सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून लिहिणारी, भांडणारी, स्वतःलाही तपासणारी माणसे आपल्यात आहेत. त्यांना बोलावणे येत नाही, कारण ती ओरडत नाहीत.

म्हणून आमचे म्हणणे असे : आपल्या नावाने मांडलेली ती खुर्ची रिकामी राहू द्या. आपल्यापैकी कुणी तिथे गेलेच, तर पहिला प्रश्न तुळींजच्या अर्जाचा विचारावा. आणि आपल्या मोहल्ल्यातली एखादी मुलगी 'तो मारतो' म्हणत आली, तर मारणाऱ्याचे नाव कोणत्या धर्माचे हे न पाहता तिच्यासोबत ठाण्याची पायरी चढावी. तिने तक्रार मागे घेतली तरी तिची विचारपूस सोडू नये.

लेकीच्या अस्थींची वाट पाहत श्रद्धाचे वडील फेब्रुवारी 2025 मध्ये वसईत वारले. चर्चा करणारे केव्हाच दुसऱ्या विषयाकडे वळले होते.