नदी सरळ करणारे आणि तिला पुन्हा वळणे देणारे हात

१/ फ्लोरिडातील किसिमी नदी १९६२ ते १९७१ या काळात सरळ करण्यात आली. १९९९ ते २०२१ या काळात तिला तिची वळणे परत देण्यात आली. दोन्ही कामे अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाचीच. या दलाची आजची पर्यावरणकार्ये इतिहासाच्या अभ्यासकाने कशी जोखावीत, यासाठी हा धागा.

२/ हे दल १८०२ च्या कायद्याने वेस्ट पॉइंट येथे स्थिरावले. किल्ले, बंदरे आणि नद्यांतील जलमार्ग ही त्याची प्रारंभीची कामे. १९३६ च्या पूरनियंत्रण कायद्याने त्याचे कार्यक्षेत्र फार विस्तारले. अमेरिकेत सर्वाधिक जलविद्युत निर्माण करणारी संस्था आज हेच लष्करी दल आहे.

३/ किसिमी सरळ करण्यामागे दुष्टबुद्धी नव्हती. १९२८ च्या चक्रीवादळात ओकिचोबी सरोवराचे पाणी काठ ओलांडून आले आणि किमान अडीच हजार माणसे मृत्युमुखी पडली. १९४७ च्या वादळांनी दक्षिण फ्लोरिडा पुन्हा जलमय झाला. लोकांनी संरक्षण मागितले आणि १९४८ मध्ये काँग्रेसने विशाल पूरनियंत्रण योजनेला संमती दिली.

४/ सुमारे १६६ किलोमीटरची नागमोडी नदी त्या योजनेत ९० किलोमीटरच्या कालव्यात कोंबली गेली. कालवा सुमारे ९ मीटर खोल आणि ९० मीटर रुंद. नकाशावर त्याचे नाव 'सी-३८'. जिवंत नदीला फायलीतला क्रमांक मिळाला, यातच त्या काळाची दृष्टी दिसते.

५/ परिणाम लवकरच दिसले. पूरमैदानातील पाणथळ जागा आटल्या. संथ कालव्यातील प्राणवायू घटला आणि मासे कमी झाले. हिवाळी पाणपक्ष्यांची संख्या ९० टक्क्यांहून अधिक घसरली. पूर्वी पाणथळीत गाळले जाणारे पाणी आता चराऊ जमिनींवरील खतांचे अंश घेऊन थेट ओकिचोबीत उतरू लागले.

६/ कालवा पूर्ण होताच त्याविरुद्ध आवाज उठला. १९७६ मध्ये फ्लोरिडाच्या विधिमंडळाने नदीच्या पुनरुज्जीवनासाठी कायदा केला. १९८० च्या दशकात छोट्या भागावर प्रयोग झाले. १९९२ मध्ये काँग्रेसने मान्यता दिली आणि १९९९ मध्ये काम सुरू झाले. आंदोलनापासून पहिल्या फावड्यापर्यंत जवळजवळ तीन दशके गेली.

७/ २०२१ पर्यंत सुमारे ३५ किलोमीटर कालवा बुजवला गेला, ७० किलोमीटर नदी पुन्हा वाहती झाली आणि सुमारे १०० चौरस किलोमीटर पूरमैदान पुनरुज्जीवनाखाली आले. बगळे आणि बदके परतली. नदी सरळ करण्याचा खर्च तीन-साडेतीन कोटी डॉलर होता. ती अंशतः पूर्ववत करण्याचा खर्च सुमारे एक अब्ज. महागाई जमेस धरली तरी तफावत मोठीच उरते.

८/ हे शक्य का झाले? कालवा खणताना नदीची जुनी वळणे पूर्णपणे मिटवली गेली नव्हती. तुटलेल्या डोहांच्या रूपात ती कालव्याच्या दुतर्फा पडून होती. अभियंत्यांना नवी नदी निर्मावी लागली नाही. जुन्या पात्रांचे तुकडे जोडावे लागले. पुनरुज्जीवन कौशल्याइतकेच मागे उरलेल्या अवशेषांवर अवलंबून असते.

९/ अवशेष हाती लागत नाहीत तेथे काय होते, हे कोलंबिया नदीवर दिसते. सेलायलो धबधब्यावर मूलनिवासी समाज हजारो वर्षे सामन मासा धरीत आले. १८५५ च्या करारांनी याकामा, युमाटिला, वॉर्म स्प्रिंग्ज आणि नेझ पर्स या समाजांचा पारंपरिक ठिकाणी मासेमारीचा हक्क मान्य केला होता. १० मार्च १९५७ रोजी याच दलाने बांधलेल्या द डॅल्स धरणाचे दरवाजे बंद झाले. काही तासांत धबधबा पाण्याखाली गेला.

१०/ द डॅल्सची वीज आज 'नवीकरणीय' ऊर्जेत मोजली जाते, आणि ते तांत्रिकदृष्ट्या खरेच आहे. पाणी दरवर्षी नव्याने येते. धबधब्याभोवतीचा बाजार, भेटीगाठी आणि विधी मात्र दरवर्षी नव्याने येत नाहीत. जमातींना भरपाई मिळाली. धबधबा मिळाला नाही. पुढे दलाच्याच ध्वनिलहरी-सर्वेक्षणात तो खडक जलाशयाच्या तळाशी अजून शाबूत असल्याचे आढळले.

११/ 'तेव्हा कोणाला ठाऊक होते?' हा बचाव येथे अपुरा पडतो. सेलायलो बुडणार हे सर्वांना ठाऊक होते आणि मूलनिवासींनी धरणाला विरोधही केला होता. अज्ञान कमी होते, ज्यांचे नुकसान होणार त्यांचा शब्द हलका होता. त्याच काळात पूरग्रस्त शेतमालकांचा शब्द मात्र काँग्रेसपर्यंत पोहोचत होता.

१२/ म्हणून लष्करी अभियंत्यांना एकदा खलनायक आणि एकदा नायक ठरवणे हा इतिहास नव्हे. दलाने दोन्ही वेळा तीच शिस्त आणि तीच अवजारे वापरली. बदलला तो आदेश. आदेश बदलला तो तीन दशके चिकाटी धरणाऱ्या नागरिकांमुळे, शास्त्रज्ञांमुळे आणि कायद्यामुळे. श्रेयाची वाटणी करताना हा क्रम उलटा होऊ देऊ नये.

१३/ पुनरुज्जीवन म्हणजे पापक्षालनही नव्हे. किसिमीचा अर्ध्याहून अधिक कालवा आजही कालवाच आहे, कारण त्याच्या आधारावर घरे आणि शेते उभी राहिली आहेत. चुकीच्या निर्णयावरही माणसे संसार थाटतात, आणि मग तो निर्णय पूर्णपणे मागे घेता येत नाही.

१४/ यापुढे कोणत्याही देशाच्या लष्कराचा सौरप्रकल्प, धरण किंवा पाणथळ-संवर्धन वाचनात आले की किती मेगावॅट आणि किती हेक्टर हे जरूर पाहावे. त्याआधी मात्र तीन प्रश्न विचारावेत. आदेश कोणी दिला? कोणाचे म्हणणे नोंदले गेले नाही? आणि निर्णय चुकला, तर परत जोडण्यासाठी जुने पात्र शिल्लक राहील का?