बदलून बघू!

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. शनिवारी सकाळी साडेसहाला मी निफाडजवळ मामाच्या वस्तीवर कुडकुडत उभा होतो. निफाडची थंडी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना जास्त सांगायला नको. समोर मामाचा जुना बी-२७५. स्टार्टर जोरात फिरत होता, धुराड्यातून पांढरा धूर येत होता, पण इंजिन काही पेटत नव्हतं. इकडे कांद्याचं रोप लागवडीला आलेलं, लागवडीची टोळी सोमवारची ठरलेली आणि रान अजून तयार नाही. टोळी एकदा दुसऱ्याच्या शेतात गेली की आठवडाभर हाती लागत नाही.

तोवर काय काय झालं होतं? बॅटरी नवी आली होती, साधारण सात हजारांची. दोन हीटर प्लग (म्हणजे ग्लो प्लग) नवे आले होते. तरी ट्रॅक्टर ढिम्म. मिस्त्री म्हणून गेला होता, "उद्या हीटरला डायरेक्ट वायर मारू, नाहीतर मग इंजिन खोलावं लागेल."

आणि हो, ती बॅटरी बदलायला सांगणारा शहाणा म्हणजे अस्मादिक! पुण्यात एसीत बसून फोनवर सांगितलं होतं, "मामा, बॅटरीच असणार, बदलून बघा." स्टार्टर जोरात फिरतोय का, एवढंसुद्धा विचारलं नाही. असो.

आता थोडं तांत्रिक. साठच्या दशकात महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने बी-२७५ बनवायला घेतला. त्या काळच्या या इंजिनात डिझेल आधी एका छोट्या कप्प्यात फवारलं जातं. थंडीत त्या कप्प्याच्या भिंती दाबलेल्या हवेची उष्णता शोषून घेतात, म्हणून कप्पा आधी तापवायला प्लग लागतात. नंतरच्या ट्रॅक्टरांच्या बॉनेटवर 'डीआय' लिहिलेलं असतं ना, ते डायरेक्ट इंजेक्शन. त्यांना सहसा हे प्लग लागत नाहीत, त्यामुळे तरुण मिस्त्रींनी ही भानगड फारशी पाहिलेलीच नसते.

मामाच्या ट्रॅक्टरवर चारही प्लग एकामागोमाग एक, सिरीजमध्ये आहेत. बॅटरी, स्विच, डॅशवरचं लाल होणारं इंडिकेटर, मग रेझिस्टर, चार प्लग, आणि शेवटच्या प्लगपासून इंजिनच्या ब्लॉकला बोल्टने आवळलेली अर्थची पट्टी. प्रत्येक प्लग जेमतेम १.७ व्होल्टचा, चौघांचे मिळून ६.८. बाकीचे व्होल्ट रेझिस्टर आणि इंडिकेटर खातात. म्हणजे कुठेही एक सांधा तुटला की चौघे एकदम थंड. आणि 'डायरेक्ट' करून एकेका प्लगला थेट १२ व्होल्ट दिले असते, तर चार प्लगांची राखरांगोळी!

मिस्त्रीने टेस्ट लॅम्प लावून पाहिला होता. प्रत्येक प्लगवर दिवा लागला. निष्कर्ष: करंट येतोय, म्हणजे प्लगच मेले. इथेच घात झाला. लॅम्पची दुसरी वायर त्याने थेट ब्लॉकला लावली होती, त्यामुळे करंटला लॅम्पमधून वाट मिळाली. प्लगमधून तो पुढे जातोय का, हे त्यातून कळतच नाही.

मी दोनशे-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर नेला होता. तो २० व्होल्ट डीसीवर ठेवला, काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला आणि मामाला हीटरचा स्विच धरून ठेवायला सांगितलं. रेझिस्टरनंतर १२. पहिल्या प्लगनंतर १२. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्यानंतरही १२. शेवटच्या पट्टीवर १२. आणि तिथून बोटभर अंतरावर ब्लॉकवर शून्य! करंट वाहत असता तर प्रत्येक प्लगला व्होल्टेज पायरीपायरीने उतरलं असतं. म्हणजे वाट बंद होती ती अगदी शेवटच्या बोल्टखाली.

बोल्ट खोलला. खाली चकचकीत लाल रंग. दसऱ्याला मामाने ट्रॅक्टर हौसेने रंगवून घेतला होता आणि रंगाऱ्याने सगळं खोलून, छान रंगवून परत आवळलं होतं. ऑक्टोबरच्या उन्हात हीटर लागतोय कशाला? डिसेंबरात लागला.

पॉलिशपेपर मारला, बोल्ट आवळला, स्विच धरला. पंधरा-वीस सेकंदांत इंडिकेटर लाल झालं आणि ट्रॅक्टर दुसऱ्या फिरकीला सुरू. खर्च: पॉलिशपेपरचा एक तुकडा. काढून डब्यात टाकलेले दोन जुने प्लग तपासले, दोन्ही ठणठणीत.

आता तुम्ही म्हणाल, गावचा मिस्त्री तो, त्याला काय कळणार! थांबा. सर्व्हर लटकला की आपण काय करतो? रिस्टार्ट. परत लटकला? रॅम वाढवा. तरी लटकला? सगळं नव्याने लिहायला घ्या! 'शेवटचा बदल काय केला होता?' हा एक प्रश्न मामाला कुणी विचारला नाही, आणि आपल्या मीटिंगमध्येही तो दीड तासाने निघतो. आपला आणि त्या मिस्त्रीचा फरक एवढाच, की आपल्याला एसी असतो.

आणि दोष त्या बिचाऱ्याचा तरी कुठे? त्याने दोन तास तपासून "रंग खरवडा" असं सांगितलं असतं आणि पाचशे रुपये मागितले असते, तर मामाच म्हणाला असता, "केलं काय रे तू? नुसता बोल्ट तर आवळला!" पण दोन नवे प्लग बसवल्यावर त्याच मामाने तक्रार न करता पैसे मोजले. वस्तूला किंमत, निदानाला नाही. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? दोन दिवस लॉग वाचून एक ओळ दुरुस्त करणाऱ्याला अप्रेझलमध्ये विचारतात, "एकच ओळ?" आणि गरज नसताना आख्खी सिस्टीम बदलणाऱ्याला बढती मिळते.

जोवर आपण तपासण्याचे पैसे देणार नाही, तोवर लोक आपल्याला पार्टच विकणार. तेव्हा पुढच्या वेळी कुणी "बदलून बघू" म्हणालं, तर आधी विचारा, "मोजलं का?" आणि मोजणाऱ्याला त्याचे पैसे द्या, घासाघीस न करता.

टोळी सोमवारी आली, रान तयार होतं. मामाने मला जाताना अर्धी गोणी कांदे दिले. मिस्त्रीला मी फोन करून तो बोल्ट कुठला ते सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "साहेब, तो मीटर कुठं मिळतो?"