उन्हाला ऐपत कळते

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशी गाठतो. ऊन सर्वांना सारखेच, असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. प्रत्यक्षात उन्हाला ऐपत चांगली कळते. सराफ बाजारात वातानुकूलित पेढीवर बसलेल्या व्यापाऱ्याला ते पायरीपर्यंतच भेटते. रावेर-यावलच्या शिवारात केळीचे घड वाहणाऱ्या मजुराला मात्र ते दिवसभर भाजते आणि पत्र्याच्या छपराखाली रात्रीही सोडत नाही. रात्री शरीर निवले नाही, तर दिवसाची झीज भरून निघत नाही. हृदयावर व मूत्रपिंडांवर ताण साचत जातो. तरीही दुसऱ्या दिवशी मजूर कामावर हजर असतो, कारण खाडा म्हणजे मजुरी बुडाली.

गरिबांच्या अनारोग्याविषयी सुशिक्षित घरांतून दोन उत्तरे ठरलेली असतात. पहिले, ‘त्यांना कळत नाही’. तंबाखू आणि दारू यांनी कित्येक संसार धुळीस मिळवले, हे खरेच आहे. पण जिनिंगमध्ये कापसाची धूळ वर्षानुवर्षे छातीत घेणाऱ्या स्त्रीच्या दम्याला कोणते व्यसन जबाबदार धरावयाचे? हात धुण्याचा उपदेश हंड्याने पाणी मोजणाऱ्या वस्तीत कसा पाळावयाचा?

दुसरे उत्तर दवाखान्यांचे. धुळ्याला १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावला २०१८ मध्ये ते आले. महात्मा फुले जनआरोग्य योजनेने मोठ्या शस्त्रक्रियांचा भार हलका केला. हे सारे स्वागतार्हच आहे. परंतु इंग्लंडचा अनुभव येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. तेथे १९४८ पासून उपचार सर्वांना विनामूल्य मिळू लागले. त्यानंतर १९६७ पासून लंडनमधील सुमारे १८ हजार पुरुष सरकारी नोकरांचा दीर्घकाळ अभ्यास झाला. त्यांतील कोणीही उपाशी वा बेघर नव्हता. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतील नोकरांचा मृत्युदर सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघाला आणि मधल्या श्रेणींतही पायरीपायरीने फरक दिसला. धूम्रपान, रक्तदाब वगैरे हिशेबात धरूनही हा फरक पुरता उलगडला नाही. आपल्या कामावर आपला किती ताबा आहे, उद्याची किती शाश्वती आहे, याचाही शरीरावर परिणाम होतो, असे पुढील अभ्यासांतून दिसत गेले. म्हणजे ही शिडी केवळ झोपडीपाशी सुरू होत नाही. मध्यमवर्गीय वाचकही तिच्याच कुठल्यातरी पायरीवर उभा आहे.

सातपुड्याच्या पायथ्याशी हा प्रश्न अधिक कठोर रूपात दिसतो. चोपडा, शिरपूर या तालुक्यांतील भिल्ल, पावरा आदी वनवासी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. माता-पिता दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता चारात एक असते. आजार रक्तातून येतो. पण त्याचे वेदनादायी झटके कशाने उठतात? शरीरातील पाणी कमी झाल्याने, थंडीने, अतिश्रमाने. आता ऊसतोडीचे चित्र डोळ्यांसमोर आणावे: पहाटेच्या गारठ्यात फडात उतरणे, दिवसभर वाकून तोडणी, पाणी बेताचे, रात्र पालात. झटका आणणारी बहुतेक सारी कारणे एकाच दिनक्रमात गोळा झालेली आहेत. गुजरातेत वा पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाच्या वाट्याला हेच येते.

१ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. २०४७ हे त्याचे उद्दिष्टवर्ष आहे. आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांसाठी २०१५ पासून अमृत आहार योजना आहे. मात्र कुटुंब फडावर गेले, की अंगणवाडीतील ताट आणि आशाताईंची वही गावीच राहते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील शंभरांमागे ३५ मुले वयाच्या मानाने खुजी आढळली, यात नवल ते काय!

सेवावस्तीत वर्षातून एकदा आरोग्य शिबिर घ्यावे, टॉनिकच्या बाटल्या वाटाव्यात आणि छायाचित्रासह वृत्त पाठवावे, एवढ्याने येथे भागणार नाही. घरची मोलकरीण दोन दिवस तापाने आली नाही, तर तिचे पैसे कापावयाचे की नाही, हाही आरोग्याचाच प्रश्न आहे, आणि त्यासाठी कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. शासनाकडे मागावयाचे ते वेगळे: तपासणीचे कार्ड, गोळ्या आणि आहाराचा हक्क कुटुंबाबरोबर फडापर्यंत गेला पाहिजे, आणि ज्या कारखान्याचा ऊस तोडला जातो त्याने तळावर पाणी व निवाऱ्याची सोय केलीच पाहिजे. दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू होतो. मजुरांचे ट्रक गाव सोडण्यापूर्वी कोणत्या घरात गरोदर माता आहे, कोणाचे मूल सिकलसेलचे आहे, याची यादी तयार होऊन मुक्कामाच्या ठिकाणच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पोहोचावयास हवी. तालुक्यातील कार्यकर्त्यांना हे काम याच हंगामापासून हाती घेता येईल.