नक्षीच्या आतले पान

पूर्व म्यानमारमधील शान लोकांची चांदीची जुनी पानदाने लिलावांच्या सूचिपत्रांत ‘अलंकृत चांदीकाम’ म्हणून येतात. उंची, वजन, शतक, नक्षीचा विषय एवढे तपशील दिले जातात. कारागिराचे नाव बहुधा नसते. झाकण उघडून आतला भाग दाखवण्याची तसदीही क्वचितच घेतली जाते. आमचा आक्षेप या वाचनपद्धतीला आहे.

पानदानाचा आकार त्याच्या आतल्या कामातून ठरतो. दंडगोल डबा, त्यात अलगद बसणारी तबके, पाने, सुपारी आणि चुना यांच्या वेगवेगळ्या जागा ही सारी रचना विडा करणाऱ्या हाताच्या सोयीची आहे. नक्षीही आतूनच उमलते. कारागीर पत्रा मागून ठोकून उठाव देतो आणि मग समोरून बारकावे काढतो. जातककथेतील प्रसंग असे धातूच्या अंगातून वर येतात. अलंकार हा काव्याचा बाह्य दागिना की त्याचे अंग, हा साहित्यशास्त्रातला जुना वाद वर्गात समजावून देण्यास याहून चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

पानदान ही दर्जाचीही खूण होती. बर्मी राजांच्या काळात कोणी कशा घडणीचे पानदान वापरावे, हे हुद्द्यावरून ठरे. शान संस्थानिकांच्या, म्हणजे साओफांच्या, राजचिन्हांतही त्याला स्थान होते. १९५९ मध्ये साओफांनी आपले वंशपरंपरागत अधिकार सोडले. १९६२ च्या लष्करी उठावानंतर न्याउंगश्वेचे साओफा आणि स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष साओ श्वे थाइक यांचा कैदेतच अंत झाला. ज्या व्यवस्थेत या डब्याला अर्थ होता, ती अशी मोडली. त्या सरंजामशाहीसाठी आम्हाला गळा काढायचा नाही. पण हा इतिहास गाळून उरलेल्या चांदीला ‘कला’ म्हणणे, हेही एक प्रकारचे लुटणेच आहे.

कलाकृती स्वयंपूर्ण असते, तिला संदर्भाची कुबडी कशाला, असे कोणी म्हणेल. सौंदर्य संदर्भाविनाही जाणवते, हे आम्हाला मान्य आहे. मात्र तेवढ्यावर थांबणारा वाचक प्रस्तावना वाचून पुस्तक मिटणाऱ्यासारखाच होय. म्हणून आमची मागणी साधी आहे: संग्रहालयांनी पानदान उघडे ठेवून मांडावे, आणि आत चुन्याचा डाग उरला असेल तर तो घासून काढू नये. वापरणाऱ्याची तेवढीच सही त्यावर शिल्लक असते.