ठेका आवडला, नाव विचारलंत का?

शनिवारची रात्र. पवना धरणाच्या काठावर तंबूंची रांग, बार्बेक्यूचा धूर, आणि एका कोपऱ्यात दोन स्पीकर अन् एक लॅपटॉप मांडून उभा असलेला तुमच्याच वयाचा एखादा पोरगा. आठवडाभर तो तळेगावच्या एमआयडीसीत शिफ्ट करतो आणि शनिवारी ठाकूरसाईच्या बाजूला ‘डीजे’ होतो. दहाला आवाज बंद करायचा असतो, त्यामुळे साडेनऊनंतर त्याची खरी परीक्षा असते. अर्ध्या तासात तो एक आफ्रो हाऊसचा ट्रॅक लावतो, त्यातून ‘झिंगाट’वर येतो आणि शेवटी एकविरा आईचं एखादं कोळीगीत, अर्थातच डीजे मिक्समध्ये. मुंबईहून आलेले, पुण्याहून आलेले, बाजूच्या गावातून नुसते बघायला आलेले, सगळे एकाच पायावर नाचत असतात. एक गाणं कुठं संपलं आणि दुसरं कुठं सुरू झालं हे कुणाला कळतही नाही.

कळत नाही, कारण खाली ठोका एकच असतो. दर मात्रेला एक, सरळ, न चुकता, मिनिटाला 120 ते 130 वेळा. हाऊस म्युझिकचा हा पाया. शिकागोत 1977 साली ‘वेअरहाऊस’ नावाचा क्लब सुरू झाला, तिथं फ्रँकी नकल्स गाणी लावायचा, आणि त्या क्लबच्या नावातूनच ‘हाऊस’ हा शब्द रुळला. पुढं 1983 मध्ये रोलँड या जपानी कंपनीचं टीआर-909 हे ड्रम मशीन आलं आणि त्या ठोक्याला त्याचा ओळखीचा, छातीत बसणारा आवाज मिळाला. पण नुसता ठोका ऐकून कुणी रात्रभर नाचत नाही. पाय हलतो तो त्या ठोक्याच्या वर आणि मधल्या जागेत जे वाजतं त्यानं. काँगा, बोंगो, शेकर, टाळ्या. मशीनच्या सरळ रेघेवर माणसाचा हात वाकडातिकडा चालतो, आणि मजा सगळी तिथं आहे.

आता त्या हाताचीच एक गोष्ट ऐका. ‘जिंगो’ हे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल, बाकीच्यांनी नाव न ऐकता गाणं ऐकलं असेल. नायजेरियाचा बाबातुंदे ओलातुंजी 1950 मध्ये शिकायला अमेरिकेत गेला, अटलांटाच्या मोअरहाऊस कॉलेजात. 1960 साली त्याचा ‘ड्रम्स ऑफ पॅशन’ हा अल्बम कोलंबिया कंपनीनं काढला. ढोल आणि गळा, एवढंच. त्यातलं ‘जिन-गो-लो-बा’ हे गाणं त्याच्या हातातून सुटलं ते सुटलंच. 1964 मध्ये सर्ज गेन्सबर्ग या फ्रेंच गायकानं त्या अल्बममधल्या रचनांवर आपली गाणी बेतली, आणि ओलातुंजीचं नाव त्यावर यायला वीसेक वर्षं जावी लागली. 1969 मध्ये सँतानाच्या पहिल्याच अल्बममध्ये ‘जिंगो’ आलं, गिटारसकट. 1979 मध्ये क्यूबाचा काँगावादक कँडिडो यानं त्याचं डिस्को रूप केलं आणि न्यूयॉर्कच्या क्लबांनी ते उचललं. 1987 मध्ये जेलीबीन या डीजेनं ते पुन्हा काढलं, तेव्हा ते इंग्लंडच्या चार्टवर चढलं. 2004 मध्ये फॅटबॉय स्लिमनंही त्याला हात घातला.

एक ढोलाचं गाणं, चव्वेचाळीस वर्षं, पाच अवतार. प्रत्येक पिढीला वाटलं हे आपलंच. हा त्या गाण्याचा विजय आहे, यात शंका नाही. पण पोस्टरवर नाव कुणाचं होतं? बहुतेक वेळा गिटारवाल्याचं किंवा डीजेचं. मूळ ढोल वाजवणारा खाली, बारीक अक्षरात. कधी तर तेवढाही नाही.

तुम्ही म्हणाल, शिकागो-न्यूयॉर्कचं आम्हाला काय? तर मावळातच या. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत आज जी ढोल-ताशा पथकं दिसतात, शेकड्यानं पोरं-पोरी, पांढरे कुर्ते, महिना-महिना नदीकाठी सराव, त्यांच्या आधी त्या मिरवणुकीत ढोल-लेझीम घेऊन यायची ती मावळ-मुळशीकडच्या गावांतली मंडळी. ज्ञान प्रबोधिनीनं, म्हणजे आप्पा पेंडसे यांच्या शाळेनं, विद्यार्थ्यांच्या हातात ढोल दिला आणि शहरी पथकांची वाट सुरू झाली. ती चांगलीच गोष्ट झाली, मुली ढोल बांधून लक्ष्मी रोडवर उतरल्या ही तर फारच चांगली. पण पथकात वाजवणाऱ्या मित्राला विचारा, तुमच्या तालांची नावं काय? तो जी यादी सांगेल तिच्यात बहुतेक ‘गावठी’ नावाचा एक ताल असेल. कुठलं गाव, कोण वाजवायचं, हे मात्र त्याला सांगता येणार नाही. ठेका शहरात आला, त्याला नाव मिळालं ‘गावठी’, आणि माणूस मागं वेशीवरच राहिला.

आणि आता पुढची पायरी. पवनेकाठच्या त्या डीजेला त्याच्या मिक्समध्ये हलगी हवी असते. तो काय करतो? फोनवरून एक सॅम्पल पॅक उतरवतो. त्यात ‘हलगी लूप 1’, ‘हलगी लूप 2’ अशा फाइली असतात. कुणी वाजवली, कुठं वाजवली, त्याला किती पैसे मिळाले, काही लिहिलेलं नसतं. आणि गंमत म्हणजे याच मावळात, जत्रेतल्या कुस्तीच्या आखाड्यात हलगी घुमवणारा माणूस त्याच्या घरापासून चार-पाच किलोमीटरवर राहत असतो. तो वाजवण्याआधी हलगी जाळावर शेकतो, कातडं ताणलं की बोटानं टिचकी मारून बघतो, पुन्हा शेकतो. पैलवान अंगाला भिडले की लय चढवतो, डाव अडकला की धरून ठेवतो. समोरच्याकडं बघून वाजवणं म्हणजे काय हे लूपला माहीतच नसतं. लूप दर चार मात्रांनी तेच बोलतो. तुमच्या मिक्समध्ये ‘काहीतरी कमी आहे यार’ असं जे वाटतं ना, ते बऱ्याचदा हे असतं.

इथं एक मुद्दा हमखास येतो: लोकसंगीत सगळ्यांचं असतं, त्यात मालकी कसली? बरोबर आहे. हलगीचा ठेका, संबळाचा ठेका कुणा एकाचा नाही, तो कुणीही वाजवावा. पण रेकॉर्ड केलेलं वादन त्या माणसाचं असतं. हे मी भावनेनं म्हणत नाही, कायदा म्हणतो. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1994 मध्ये कलावंतांचे हक्क आले, आणि 2012 च्या दुरुस्तीनं कलम 38-ब आलं. सादरकर्त्याला ‘हे वादन माझं आहे’ असं म्हणण्याचा, ओळखलं जाण्याचा हक्क या कलमानं दिलाय. स्टुडिओत बसलेल्या गायकासाठी आहे तसाच तो जत्रेत हलगी वाजवणाऱ्यासाठीही आहे. त्याला तो माहीत नाही, एवढाच फरक. तुम्हाला आता माहीत झालाय.

श्रेय देणं ही काही साहेबाच्या देशातून आलेली नवी कल्पनाही नाही. एकविरेला गेलात की देवळाला अगदी लागून कार्ल्याचं चैत्यगृह आहे. रांगेत उभं राहून कंटाळता, सेल्फी काढता, तेव्हा एकदा आत चक्कर मारा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या लेण्यात ज्यानं जे दिलं त्याचं नाव दगडात आहे. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, धेनुकाकटचे यवन आहेत. आणि याच धेनुकाकटचा सामी नावाचा एक सुतारही आहे, दाराचं काम त्याचं म्हणून. म्हणजे शेटजींचं नाव कोरलं आणि सुताराचंही कोरलं. आपल्याला रीलच्या कॅप्शनमध्ये एक ओळ टाइप करायला जड जातं.

आता जरा अडचणीचं बोलू. ‘परंपरा जपा, हलगी जपा’ असं म्हणणं सोपं आहे, विशेषतः ज्यांच्या घरात ती कधी वाजवावी लागली नाही त्यांना. गावगाड्यात हलगी वाजवणं हे काही समाजांवर लादलेलं काम होतं. कुणाच्या मिरवणुकीपुढं वाजवायचं, बदल्यात मिळेल ते धान्य घ्यायचं आणि मांडवाच्या बाहेर बसायचं. बाबासाहेबांच्या चळवळीत अनेकांनी गावकीची असली कामं विचारपूर्वक सोडली, आणि ते सोडणं हा त्यांच्या स्वाभिमानाचा भाग होता. त्यांच्या नातवानं आज हलगी हातात न घेता कॉम्प्युटर घेतला तर त्याला ‘परंपरा विसरला’ म्हणणारे आपण कोण? म्हणून हा अग्रलेख ‘हलगी वाचवा’ मोहीम काढत नाहीये. ज्याला वाजवायची आहे, त्याला मांडवाच्या आत, स्टेजवर, ठरवलेल्या पैशात आणि नावासकट बोलवा, एवढंच म्हणणं आहे. डीजेला तुम्ही ॲडव्हान्स देता, साउंडवाल्याला देता, जनरेटरवाल्याला तर डिझेलसकट देता. वाजवणाऱ्याच्या बाबतीतच ‘बघू काका, नंतर’ का होतं?

डीजे विरुद्ध ढोल हे भांडण मला तरी खोटं वाटतं. दर गणपतीला, दर चैत्रात ते नव्यानं पेटतं. आवाजाचा त्रास खरा आहे, 2000 सालच्या नियमांप्रमाणं रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकर बंद हवेत, आणि धरणाकाठच्या गावात म्हातारी माणसं झोपतात हे शहरातून आलेल्यांनी लक्षात ठेवायलाच पाहिजे. (पन्नास ढोल एकदम वाजले तर तेही काही अंगाईगीत नसतं.) पण संगीत म्हणून बघाल तर ही दोन टोकं कधीच वेगळी नव्हती. अजय-अतुलनी ‘सैराट’साठी लॉस एंजेलिसमध्ये मोठा वाद्यवृंद रेकॉर्ड केला, आणि त्याच सिनेमातलं ‘झिंगाट’ 2016 पासून आजवर प्रत्येक वरातीत वाजतंय. 2018 मध्ये त्याला ‘धडक’साठी हिंदीतही जावं लागलं. कोळीगीताच्या झुलत्या चालीखाली सरळ ठोका घालून ती लोणावळ्याच्या बंगल्यापर्यंत नेली ती कुणा कंपनीनं नाही, बेंजोवाल्या पोरांनी आणि हौशी डीजेंनीच. मिसळण्याला विरोध करण्यात अर्थ नाही. ओलातुंजीचं गाणंही मिसळलं म्हणूनच तुमच्यापर्यंत पोचलं.

तेव्हा तुमच्यातल्या जे कुणी लॅपटॉपवर मिक्स करताय, आणि कामशेतपासून खंडाळ्यापर्यंत तुमची संख्या कमी नाही हे माहीत आहे, त्यांच्यासाठी एक साधा उद्योग. चैत्रात एकविरेची पालखी असते, त्याआधी गावोगावच्या जत्रा असतात. चांगला फोन असला तरी पुरे, बाहेरचा माईक मिळाला तर उत्तम. वादकाला आधी विचारा, आखाडा संपल्यावर दहा मिनिटं बाजूला घ्या, पैसे आधी ठरवा आणि तिथंच द्या. लोकांच्या गोंगाटापासून दूर, भिंतीजवळ नको, उघड्यावर. मेट्रोनोम लावून त्याला त्यात कोंबू नका, त्याच्या लयीत वाजवू द्या आणि नंतर तुमची किक त्याच्या हाताला जुळवा. कष्ट जास्त आहेत, पण ऐकाल तेव्हा फरक कळेल. फाइलला नाव देताना ‘हलगी फायनल 2’ असं देऊ नका. त्याचं नाव, गाव, तारीख. ट्रॅक टाकाल तेव्हा तेच नाव वर, तुमच्या नावाशेजारी, त्याच आकाराच्या अक्षरात. आणि टाकल्यावर पहिली लिंक त्यालाच पाठवा. त्याच्याकडं स्मार्टफोन नसला तर त्याच्या नातीकडं असतो.